डब्याची मागची बाजू

देविदास आडे यांना इंग्रजीत साधं पत्र लिहिता येत नाही. सुट्टीचा अर्जसुद्धा नाही. दहावीला इंग्रजीचा पेपर दोनदा राहिला आणि तिसऱ्यांदा ते बसलेच नाहीत. पण शांपूच्या बाटलीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, गादीला शिवलेल्या चिठ्ठीवर जी इंग्रजी असते, ती त्यांच्याइतकी नेमकी लिहिणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि अशी माणसं शोधणं हाच माझा धंदा आहे.

मी यवतमाळात घरी बसून पुण्याच्या एका अनुवाद कंपनीचं काम करते. अनुवाद करत नाही, अनुवादक शोधते. अरब देशांतले व्यापारी आपला माल इंग्लंडच्या दुकानांत ठेवू पाहतात, तेव्हा डब्यावरचा आणि यादीतला अरबी मजकूर इंग्रजीत आणावा लागतो. ऐकायला सोपं वाटतं. पण चांगले अरबी-इंग्रजी अनुवादक कोर्टाची कागदपत्रं करतात, दवाखान्यांची करतात, तेलाच्या कंपन्यांचे करारनामे करतात. साबण आणि शेवयांना कोणी हात लावत नाही. जे लावतात ते विद्वान असतात, आणि तिथंच घोटाळा होतो. अशाच एका विद्वानानं एका किराणा दुकानाची यादी करून पाठवली होती. उंटाचा डोळा, अर्धा किलो. चिमणीची जीभ, एक पाकीट. मुलींचे केस, गुलाबी.

पुण्याहून केतकी म्याडमचा, म्हणजे माझ्या वरिष्ठांचा फोन आला. "हे किराणा दुकान आहे की चेटकिणीचं स्वयंपाकघर?" त्या म्हणाल्या. "दुकानात काम केलेला माणूस शोध. पदवी नसली तरी चालेल."

मी आधी आमच्या गल्लीतल्या सलीम सरांकडे गेले. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, अरबी उत्तम वाचणारे. मी त्यांच्यापुढे केसांना लावायच्या जेलची डबी ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मग हसून परत दिली.

"बेटी, मेरी अरबी नमाज की है. ये तो नाई की है."

मग त्यांनीच सांगितलं की दारव्ह्याच्या बाजारात रफीक शेठचं खजुराचं दुकान आहे. बाहेरदेशी डब्यावरची काही अडचण आली की तो जवळच्या तांड्यावरच्या एका माणसाला विचारतो. बाजाराच्या दिवशी तो माणूस तिथंच बसलेला असतो.

मी बाजाराच्या दिवशी गेले. दुकानात स्टुलावर एक उंच, किडकिडीत गृहस्थ बसले होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कानाजवळ पिकलेले केस, वय पंचावन्नच्या आसपास. मांडीवर खजुराचा डबा, आणि त्यावरून उजवीकडून डावीकडे सरकणारं बोट. रफीक शेठ समोर काळजीनं उभे. ठोक व्यापाऱ्यानं हा माल एक नंबरचा म्हणून पाठवला होता.

"एक नंबरचा नाही हा," ते गृहस्थ म्हणाले. "इथी लिवलं हाय, भरन्यासाठी."

"म्हंजे?"

"म्हंजे करंजीत भराचा खजूर हाय, ताटात मांडाचा नाही. कुचकरलेला असन आतमंधी. खोलून पाहा."

शेठनं डबा उघडला. आत खजुराचा लगदा होता.

मी ओळख सांगितली आणि कसे आहात म्हणून विचारलं. पुढं इंग्रजीत काम करायचं म्हणून इंग्रजीतच विचारलं. त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि गंभीरपणे उत्तर दिलं, "गुड कंडिशन."

मुलं किती? "टू पीसेस."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण नाही. त्यांच्याकडे दुसरी इंग्रजी नव्हतीच.

देविदासभाऊ, मी पुढं त्यांना असंच म्हणू लागले, बंजारा समाजातले. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी हिंदी. वयाच्या पंचविशीत ते रियाधला एका मोठ्या दुकानात माल लावायच्या कामाला गेले आणि बावीस वर्षं राहिले. अरबी शिकवायला कोणी नव्हतं. इंग्रजीलाही नव्हतं.

"तिकडच्या डब्याची एक बाजू अरबी असते अन दुसरी इंग्रजी," ते मला म्हणाले. "दोनी बाजूले एकच गोष्ट लिवलेली. मी रोज हजार डबे इकडून तिकडं फिरवो. फिरवता फिरवता दोनी भाषा आल्या. मंग बोलाले शिकलो गिऱ्हाइकाईपासून. गिऱ्हाईक कधी चुकीचं बोलत नाही, कारन त्याले वस्तू पाह्यजे असते."

ही भाषा शिकण्याची किंमत त्यांनी पहिल्याच वर्षी मोजली होती. एके दिवशी गोदामातून 'हलावा' लिहिलेल्या डब्या आल्या. देविदासभाऊंना वाटलं, हलवा. त्यांनी त्या मिठाईच्या फळीवर, बाकलाव्याच्या शेजारी, छान मनोरा करून लावल्या. तिथला मुकादम मिसर देशाचा होता, पोट सुटलेला, मोठ्या मनाचा माणूस. तो आला, मनोऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि एक डबी उघडून म्हणाला, "खा."

"मी बोट बुडवून चाटलं," देविदासभाऊ सांगत. "गोडच लागलं. साखर अन लिंबूच असते त्यात. मी म्हटलं, बढिया हाय. मंग त्यानं मले हात पुढं कराले लावला. थे चिकट माह्या मनगटावर थापलं अन एका झटक्यात ओढलं. सारे केस त्याच्या हातात."

बायका अंगावरचे केस काढायला जे वापरतात, त्यालाही तिकडे हलावाच म्हणतात. मुकादम हसून हसून खाली बसला. मग स्वतःच उठून मनोरा उतरवायला हात लावला. उतरवता उतरवता त्यानं जे सांगितलं, ते देविदासभाऊंनी आयुष्यभर धरलं: वस्तू पाहिल्याशिवाय तिचं नाव घ्यायचं नाही.

मी त्यांचं नाव कंपनीला कळवलं. कंपनीची एक परीक्षा असते. त्यांना मिळाला एका जुन्या वस्तुसंग्रहालयावरचा अरबी लेख. दोन दिवसांनी कागद कोराच परत आला. खाली इंग्रजीत एकच ओळ होती, 'या वापरासाठी योग्य नाही.'

केतकी म्याडमना ते उद्धट वाटलं. मी सांगितलं की ते उद्धट नाही, नम्र आहे, फक्त बाटलीच्या भाषेत आहे. त्यांना दुकानाची यादी द्या, ती चेटकिणीची. यादी गेली आणि तासाभरात परत आली. उंटाचा डोळा म्हणजे अक्रोड. चिमणीची जीभ म्हणजे तांदळाएवढ्या बारीक शेवया.

"अन पोरीचे केस म्हंजे आपल्या इकडचे बुढीचे बाल," देविदासभाऊंनी मला फोनवर समजावलं. "जत्रेत काडीवर भेटते थे. तिकडं पोरीचे म्हनतेत, आपन म्हातारीचे म्हनतो. केस तेच."

त्याच दिवशी त्यांची निवड झाली. व्हिडिओवर केतकी म्याडमनी विचारलं की एखादं काम हाती घेतलं की किती वेळ लागेल. देविदासभाऊंनी क्षणभर विचार केला. "टू डेज. आफ्टर ओपनिंग." म्याडमनी स्वतःचा आवाज बंद केला. पडद्यावर त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते.

त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्यासोबत काम केलं. प्रत्येक कामाच्या आधी ते वस्तूचा फोटो मागत, समोरून एक आणि मागून एक. फोटो नसला तर काम तसंच पडून राही. एकदा नुसत्या 'पिशवी' या शब्दावर ते तीन दिवस अडून बसले. पिशवी कसली? खांद्याची, भाकरीची की चहाची? शेवटी चहाचीच निघाली.

एकदा कामासाठी यवतमाळला आले तेव्हा माझ्या घरी जेवले. मी ताटं आवरेपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातली फळी लावून टाकली होती. सगळ्या डब्यांची तोंडं पुढं, ज्यांची तारीख लवकर संपते ते पुढच्या रांगेत, नवे मागं. सासूबाई थक्क होऊन पाहत राहिल्या. देविदासभाऊंच्या बायकोनं, सुमित्राबाईंनी, नंतर मला सांगितलं, "आमच्या घरात वांगे बी तारखेनं खा लागतेत, ताई."

सुमित्राबाईंचा खरा राग मात्र एका पेटीवर होता. तांड्यावरची माणसं परदेशातून येताना सोनं आणत, टीव्ही आणत. देविदासभाऊ आले ते लोखंडी पेटी घेऊन. सगळा तांडा पाहायला जमला. पेटीत वेष्टनं होती. बिस्किटांची, साबणांची, डाळींची, औषधी तेलांची, सपाट करून, थप्प्या लावून, दोऱ्यानं बांधलेली.

"बावीस वर्सानं मानूस घरी आला अन कचरा घेऊन आला," सुमित्राबाई म्हणत. "सासू रडत बसली होती. तिले वाटलं, पोराच्या डोक्यावर परिनाम झाला."

कंपनीचं काम सुरू झाल्यावर तीच पेटी त्यांचा शब्दकोश झाली. शब्द अडला की देविदासभाऊ थप्पी सोडत, वेष्टन काढत, उलटसुलट करून पाहत. दोन्ही बाजूंची साक्ष पटली की मगच लिहीत.

तिसऱ्या वर्षी ते मिठाईचं प्रकरण झालं.

जॉर्डनमधल्या नादिया नावाच्या एका बाईंचा घरगुती मिठाईचा व्यवसाय होता. आईच्या हातची कृती घेऊन त्यांनी तो वाढवला होता, आणि आता पहिल्यांदा त्यांचे डबे इंग्लंडच्या दुकानांत जाणार होते. आमच्यासाठी त्या वर्षातलं ते सर्वांत मोठं काम होतं. डब्याच्या मागच्या बाजूचा, म्हणजे घटकांचा मजकूर एका पदवीधर अनुवादकानं आधीच केलेला होता. देविदासभाऊंकडे फक्त समोरच्या दोन ओळी गेल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी मागचा फोटोही मागवून घेतला.

दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, मांगच्या बाजूले चूक हाय. यानं लिवलं, सुदानी वाल. थे वाल नाही, शेंगदाने होये. अरबीत शेंगदान्याले सुदानी फूलच म्हनतेत. फूल म्हंजे वाल, पन हे दोन शब्द एकत्र आले का शेंगदाना."

मी केतकी म्याडमना कळवलं. त्या वैतागल्या. छपाई दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. "मागची बाजू दोघांनी तपासलीय," त्या म्हणाल्या. "एक अनुवादक, एक तपासनीस. दोघेही वाल म्हणतात. ते दहावी नापास आहेत. त्यांना म्हणावं, समोरच्या दोन ओळी द्या आणि मोकळे व्हा."

मी तसं सांगितलं, जरा गोड करून. मग ते म्हणाले, "मांगची बाजू खोटी असन तं समोरची मी कशी लिवू?"

"भाऊ, काम हातचं जाईल."

"जाऊ द्या."

म्याडमचा पुन्हा फोन आला. आता आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "तू आणलेला माणूस आहे. तूच निस्तर."

मी बसनं दारव्ह्याला गेले आणि तिथून जीपनं तांड्यावर. घराच्या ओसरीवर पेटी उघडी होती आणि सगळीकडे वेष्टनं पसरली होती. देविदासभाऊ एका बाजूला, सुमित्राबाई दुसऱ्या बाजूला, दोघंही मांडी घालून शोधत बसलेले. सुमित्राबाईंना दोन्हीपैकी एकही लिपी येत नव्हती. त्या शेंगदाण्याचं चित्र शोधत होत्या.

मी टेकले. एवढा हट्ट कशासाठी, असं विचारलं.

देविदासभाऊ थप्पी खाली ठेवून म्हणाले, "आमच्या दुकानात एक डाव मिठाई वाटून राह्यलो होतो, चव पाहाले. एका बाईनं पोरीले दिली. पोरगी असन पाच वर्साची. तिले शेंगदाना चालत नव्हता. बाईनं मले विचारलं होतं, यात काय हाय? मले अरबी पुरी येत नव्हती तवा. मी म्हटलं, साखर हाय."

त्यांनी आपल्या गळ्याभोवती हात धरून दाखवला.

"सुजली. डोळे मिटले. दुकानाच्या फरशीवर निजवली होती. डाक्टर टायमावर आला म्हनून वाचली. दुसऱ्या दिवशी तिची माय आली होती मले सांगाले का पोरगी बरी हाय. रागावली नाही. थे रागावली असती तं बरं झालं असतं."

मी पदर खोचला आणि तिसऱ्या बाजूला बसून शोधू लागले.

सापडलं ते सुमित्राबाईंनाच. खारवलेल्या शेंगदाण्यांचं पिवळं पाकीट, कोपऱ्यात फाटलेलं. एका बाजूला अरबीत 'फूल सुदानी', उलटं केलं की इंग्रजीत 'पीनट्स', आणि मधे शेंगदाण्यांची रास. सुमित्राबाईंनी ते आधी स्वतः उलटंसुलटं करून पाहिलं, नवऱ्यासारखंच, आणि मग माझ्या हातात दिलं. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढले. दोन्ही केतकी म्याडमना पाठवले. आणि मग, ग्राहकाला थेट काही पाठवायची मला परवानगी नव्हती तरी, तेच फोटो नादियाबाईंनाही पाठवले.

वीस मिनिटं कोणाचंच उत्तर नाही. सुमित्राबाईंनी चहा केला. देविदासभाऊ शांतपणे वेष्टनांच्या थप्प्या पुन्हा बांधत होते.

मग नादियाबाईंचा निरोप आला, अरबीत. देविदासभाऊंनी वाचून दाखवला. शेंगदाणेच आहेत, त्यांची आई नेहमी तेच घालायची. छपाई थांबवली आहे. हे पाकीट ज्यांनी जपून ठेवलं, त्यांचं नाव काय?

थोड्या वेळानं केतकी म्याडमचा फोन आला. थेट पाठवल्याबद्दल त्या मला बोलल्या, आणि बरोबरच बोलल्या. मग म्हणाल्या, फोन त्यांच्याकडे दे. त्यांनी देविदासभाऊंची माफी मागितली. भाऊ संकोचून नुसतं "ओके म्याडम, ओके म्याडम" म्हणत राहिले.

तेव्हापासून आमच्या कंपनीत नियम झाला. अरबी खाण्यापिण्याच्या वस्तूचा मजकूर, तो कोणीही केलेला असो, देविदासभाऊंच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाणार नाही. पुण्याच्या ऑफिसातली मुलं, ज्यांनी दारव्हा नकाशावरही पाहिलेलं नाही, एकमेकांना विचारतात, "या लेबलचं दारव्हा झालं का?" आणि मोठमोठ्या पदव्यांचे अनुवादक आता काम पाठवताना सोबत न मागता दोन फोटो जोडतात, समोरून एक, मागून एक.

मागच्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याची बदली नाशिकला झाली. निघण्याआधी निरोप घ्यायला म्हणून मी तांड्यावर गेले. सकाळचे अकरा वाजले असतील. घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, दोघंही वावरात आहेत, तिथं फोनला रेंज चांगली येते.

वावरात तुरीला पिवळी फुलं आली होती आणि कापूस फुटला होता. सुमित्राबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एकट्याच बसल्या होत्या, कंबरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. त्यांनी मला हातानं बोलावलं आणि गप्प बसा अशी खूण केली.

समोर, पराटीच्या म्हणजे कपाशीच्या तासात, देविदासभाऊ फोन कानाला लावून फिरत होते. पलीकडे नादियाबाई होत्या. नवीन मिठाई करायची होती म्हणून त्यांनी फोन केला होता, पण ते कामाचं बोलणं केव्हाच संपलं होतं. देविदासभाऊ अरबी बोलत होते. मी त्यांना अरबी वाचताना शंभरदा पाहिलं होतं, असं मोकळं बोलताना कधीच नाही. त्यांचा आवाजच वेगळा होता. मोठा, भरलेला. ते हात उडवत होते, मधेच थबकून डोक्याला हात लावत होते. एकदा त्यांनी हवेत परातीएवढं गोल दाखवलं, फोनवर ते कोणाला दिसणार नव्हतं तरी. आणि हसत होते. आमच्याशी ते ओठ दाबून हसत. इथं तोंड उघडून, मान मागं टाकून.

सुमित्राबाई त्यांच्याकडे एकटक पाहत होत्या.

"लगन होऊन पस्तीस वर्स झाले, ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "याइले असं बोलताना मी आज पयल्यांदा पाहून राह्यली."

"आधी कधी नाही?"

"कुठून? तिकडून फोन करत तं हूं, हां, बरं हाय, एवढंच. घरी येत तं दोन म्हयने अन तेही गुमसुम. मले वाटे, मानूस तिकडं एकटा बसून रडत असन. इकडं सन आला का माह्या गळ्याखाली पुरनपोळी उतरत नव्हती. बावीस वर्स मी त्याइच्या वाटचं दुख करत राह्यली."

पुन्हा तिकडून हसणं ऐकू आलं.

"तिकडं बी असेच बोलत असतीन," त्या म्हणाल्या. "असेच हात करत असतीन. हासत असतीन." मग त्यांनाच हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, तरी ते थांबेना. "मानूस तं मजेत होता, माय."

मी म्हटलं, हाक मारू का? जीपची वेळ झालीय, निरोप घ्यायचाय.

"नोका मारू," त्या म्हणाल्या. "बोलू द्या. मी सांगीन त्याइले, ताई येऊन गेली म्हनून."

मी त्यांच्या हातात पेढ्याचा पुडा दिला, नमस्कार केला आणि निघाले. रस्त्याला लागल्यावर एकदा मागं वळून पाहिलं. देविदासभाऊ पराटीत बरेच पुढं गेले होते, एक हात अजून हवेत. आणि सुमित्राबाई धुऱ्यावरून थोड्या पुढं सरकून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून ऐकत होत्या. एकही शब्द कळत नव्हता. पण मधेच एखाद्या ठिकाणी त्यांची मान होकारार्थी हलत होती.